गुलाबाचा खोडवा

गुलाबाची पानं मोजायची असतात हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी मी उसाचे फुटवे मोजले, कांड्या मोजल्या, सरीतलं अंतर मोजलं आणि शेतकरी मेळाव्याला आलेली डोकीसुद्धा मोजली. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला मोजण्याचा कंटाळा नसतो. काय मोजायचं ते मात्र मला कुणी सांगायला आलं, तर त्यालाच चार गोष्टी सांगून परत पाठवायची माझी सवय. ही सवय नोकरीबरोबर सुटेल असं बायकोला वाटलं होतं. ती निरोपाच्या शाल-श्रीफळाबरोबर घरी आली.

निवृत्त झालो आणि आम्ही दोघं बारामतीला, माळेगावच्या रस्त्याला बांधलेल्या घरात कायमचे राहायला आलो. घरापुढं दीडेक गुंठा मोकळी जागा. तिथं शेवगा आणि लिंबू लावायचं मी मनात धरलं होतं. मी मनात धरेपर्यंत बायको गुलाब लावून मोकळी झाली. सात झाडं. पाच रोपवाटिकेतून आणलेली, एक देवपूजेसाठी गावठी, आणि एक कळसचं.

या कळसच्या झाडाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून घडलं.

कळस हे तिचं माहेर, इंदापूर तालुक्यातलं. माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, शेतकरीच होते. पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख डोळे भरणारे म्हणून. रानातल्या जंगली बोरीचं खोड छाटायचं, नवा कोंब आला की त्याच्या सालीला चीर द्यायची, त्या चिरेत गोड बोरीचा एक डोळा बसवायचा आणि केळीच्या सोपटानं बांधून टाकायचा. वर्षा-दोन वर्षांत आंबट बोर गोड. थकल्यावर रानोमाळ हिंडणं होईना, तेव्हा ते अंगणात बसून गुलाबांना डोळे भरायचे. शेवटच्या हिवाळ्यात हात थरथरत असताना त्यांनी लेकीसाठी एका जंगली खुंटावर आपल्या आवडत्या गुलाबाचा डोळा भरला. फूल दुधासारखं, कडेला मात्र कुणी केशराचं बोट फिरवावं तसं. त्याला नाव-बिव काही नाही. आमच्या घरात तो आबांचा गुलाब.

पुढं आबा गेले. वर्षभरात त्यांच्या घरापुढचा रस्ता रुंद झाला आणि अंगणातली सगळी झाडं त्यात गेली. म्हणजे तसला गुलाब उरला एकच, आणि तो माझ्या दारात. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही.

बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या झाडापाशी उभी राहायची. नवीन कळी धरली की आत येऊन "आलीय" एवढंच म्हणायची. मी पेपराआडून "छान" म्हणायचो.

मुलीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं होतं. दुसऱ्याला तिला इतकी रजा मिळेना, म्हणून आईच बंगळुरूला निघाली. आषाढात जायचं आणि होळीला यायचं असं ठरलं. जाण्याआधी तिनं वहीचं एक पान फाडून फ्रीजवर चिकटवलं. "पावसात झाडाच्या बुडाशी माती ओढू नका. पाणी साचू देऊ नका. काळे ठिपके पडलेली पानं वेचून लांब टाका. दसरा झाला की छाटणी. कात्रीनं, झाड गुडघ्याएवढं ठेवून. अडलं तर तात्यांना विचारा." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

तात्या म्हणजे आमचे शेजारी. मूळचे कऱ्हाटीचे, सत्तरीपुढचे. मुलाच्या नोकरीमुळं बारामतीत आले, पण मातीशिवाय करमेना म्हणून शेजारचा मोकळा प्लॉट मालकाला विचारून त्यात भाजीपाला करत. माणूस चांगला, पण शिक्षण सातवी. मी कृषी पदवीधर. मी त्यांना विचारायचं?

"झाडं तुमच्यावर सोडून चाललेय," गाडीत बसताना बायको म्हणाली.

"अगं, लोकांनी हजारो एकर ऊस माझ्यावर सोडला होता."

"म्हणून तर म्हणते," ती म्हणाली आणि काच वर केली.

आषाढात मी कामाला लागलो. कागद वाचला, आणि खरं सांगायचं तर कीव आली. बुडाशी माती ओढू नका म्हणे! पावसाळ्यात उसाला बांधणी करतात, भर लावतात, तेव्हाच त्याची मुळं पक्की होतात. साधी गोष्ट आहे. मी कारखान्यातून ओळखीनं मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, खत म्हणून मागवली, ती मातीत मिसळली आणि सातही गुलाबांच्या बुडाशी वीतभर उंच वरंबे चढवले. मधून पाण्याला सरी काढली. दीड गुंठ्यात मी असा काही प्लॉट उभा केला की येणारे-जाणारे थांबून बघत. ते कौतुकानं बघतात असा माझा समज होता.

पावसानं पानांवर काळे ठिपके पडले. ती वेचायची होती. वाकून एकेक पान वेचणं मला अधिकाऱ्याला न शोभणारं वाटलं, म्हणून मी फवारणी केली. पाऊस पडला, औषध धुऊन गेलं, मी परत फवारलं. भाद्रपद संपेपर्यंत झाडांचे खराटे झाले होते. तात्या कुंपणावरून म्हणाले, "सायेब, माती लई चढली. जोड झाकला की झाडाचा."

"भर लावलीय तात्या. शास्त्रीय आहे."

"बरं," तात्या म्हणाले. ही त्यांची पद्धत. ते 'बरं' म्हणाले की समजावं, माणूस आपल्या हातून गेला. मला तेव्हा ते संमती दिल्यासारखं वाटलं.

दसरा झाला. आता इथं माझ्या नोकरीतलं एक गुपित सांगतो. माझं एक भाषण होतं. खोडव्याचं. ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यातून जो दुसरा ऊस फुटतो तो खोडवा, लोक त्याची हेळसांड करतात, आणि मी गावोगावच्या देवळांत उभा राहून त्यांना सांगायचो, "बुडखे जमिनीलगत छाटा. धारदार कोयत्यानं, एका घावात. वरच्या डोळ्याचा फुटवा मरतुकडा, जमिनीखालच्या डोळ्याचा फुटवा जोमदार." इथं मी थांबायचो. मग आवाज चढवून म्हणायचो, "वर ठेवाल तर वाया जाल!" लोक हसायचे, टाळ्या पडायच्या. हे भाषण मी इतक्यांदा केलं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

तर फ्रीजवरचा कागद म्हणत होता, झाड गुडघ्याएवढं ठेवा. गुडघा कुणाचा? तिचा की माझा? असल्या मोजमापावर शेती होत नाही. कात्री मला सापडली नाही, म्हणजे मी शोधली नाही. माळ्यावर कोयता होता, तो उतरवला, धार लावली. आणि एका सकाळी, डोक्याला उपरणं गुंडाळून, मी सातही गुलाब जमिनीलगत, एका घावात उडवले. गावठीपासून सुरुवात केली, आबांच्या गुलाबावर शेवट केला. प्रत्येक बुडख्यावर बुरशीनाशक फवारलं. वर पाचटासारखा पालापाचोळा पसरला. मागं सरून बघितलं. असा खोडवा मी कुणाच्या रानात पाहिला नव्हता. मनातल्या मनात मी टाळ्याही ऐकल्या.

मला कलम माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात डोळा भरण्याचं प्रात्यक्षिक झालं होतं, बरे गुण होते. जोडाच्या वर चांगलं झाड, खाली जंगली खुंट, हे मी लेखी परीक्षेत आकृतीसह काढलं होतं. पण जोड मीच पुरून ठेवलेला, डोळ्याला दिसेना. आणि हातात कोयता आला की माझं डोकं नाही, भाषण चालतं.

तात्या काटक्या मागायला आले. कांद्याचं रोप टाकलं होतं, कोंबड्या उकरत होत्या, भोवती रोवायला काटेरी काड्या हव्या होत्या. त्यांनी बुडख्यांकडं पाहिलं.

"बाईंला इचारलंय न्हवं?"

"त्यात काय विचारायचं?"

"बरं," तात्या म्हणाले आणि काड्यांचा भारा घेऊन गेले.

मग जे झालं ते पाहून कुणीही फसला असता. निदान मी तसं स्वतःला सांगतो. पंधरा दिवसांत मातीतून कोंब वर आले. एकेका बुडख्याला आठ-आठ, नऊ-नऊ. दिवाळीपर्यंत कमरेला, त्यानंतर खांद्याला. पानं लसलशीत, रोग नाही, कीड नाही, काटे कमी. मी फुटवे मोजले, वहीत लिहिले, फोटो काढले आणि आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकले: "गुलाबाचा खोडवा. प्रयोग यशस्वी." अंगठ्यांचा पाऊस पडला. एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं, फुलं कधी? मी लिहिलं, आधी शाकीय वाढ.

फोनवर मला रोज नातू बघायला मिळायचा, आणि बायकोला बघायची असायची झाडं. मी लांबून दाखवायचो. "वाढ बघ," म्हणायचो. ती म्हणायची, "आबांचा दाखवा." मी फोन तिकडं न्यायचो, आणि का कोण जाणे, हात आपोआप जरा लांब धरायचो. मनात कुठंतरी पाल चुकचुकत असणार.

थंडी पडली. बारामतीत ज्याच्या-त्याच्या दारात गुलाब फुलले. आमच्या दारात फक्त गावठी फुलला. तो आपल्याच मुळावरचा, त्याला कसाही कापा. बाकी सहा झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली आणि एक कळी नाही. शेवटी मी कुंपणापाशी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तात्यांना विचारलं, "तात्या, हे असं का?"

तात्या हातातलं खुरपं ठेवून आले. आबांच्या गुलाबाची एक डहाळी खाली वाकवली, पान माझ्यापुढं धरलं. "मोजा."

एका देठावर बारकी पानं होती. मोजली. सात.

"आता त्यो गावठी सोडा. तुमच्या त्या लाल गुलाबाचं आधी किती असायचं?"

मला आठवेना. मी चार वर्षं त्या झाडांमधून ये-जा केली होती.

"पाच," तात्या म्हणाले. "दर टायमाला खरं ठरतंच असं न्हाय, पर आपल्या हितं ढोबळ हिसाब त्यो. पाच कलमी, सात जंगली. सायेब, तुमी गुलाब कापला आन् खुंट वाढीवला."

"सगळे?"

"सगळं."

"हासुद्धा?"

तात्यांनी डहाळी सोडून दिली. 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत.

मी घरात येऊन बसलो. बासष्ट वर्षांचा घोडा, पण मला रडू आलं. आबांनी थरथरत्या हातानं बसवलेला तो नखाएवढा डोळा मी एका घावात उडवला होता, वर बुरशीनाशक मारलं होतं, आणि ग्रुपवर शाबासकी घेतली होती. सकाळी चहाचा कप घेऊन ती कुठं उभी राहणार, एवढंच डोक्यात येत होतं.

शहाण्या माणसानं त्याच दिवशी फोन करून सांगितलं असतं. मी रोज उद्यावर ढकललं. बाळ लहान आहे, तिला जागरणं आहेत, उगाच त्रास कशाला, असं मी तिच्या भल्याचं बोलत राहिलो. आणि संक्रांत आली. संक्रांतीला दर वर्षी तो गुलाब भरून फुलायचा, आणि पहिलं फूल ती आबांच्या फोटोला वाहायची. आदल्या दिवशी तिचा फोन: "उद्या मला फूल बघायचंय. फोटोला तुम्ही वाहा."

आता सांगायलाही लाज वाटते. मी सकाळी बाजारात जाऊन फुलवाल्याकडून एक पांढरा गुलाब आणला. वाटीत कुंकू कालवलं. कान साफ करायच्या काडीला कापूस असतो ना, ती बुडवून फुलाच्या पाकळ्यांच्या कडा रंगवल्या. मग काळ्या दोऱ्यानं ते फूल आबांच्या गुलाबाच्या, म्हणजे खुंटाच्या, एका फांदीला बांधलं. शेतकी अधिकाऱ्याचं काम! फोन लावला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "फुललाय छान." आणि तिकडं बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवला.

मला वाटलं, निभावलं.

त्याच आठवड्यात तात्यांनी कांद्याचं रोप काढलं आणि मला हाक मारली. वाफ्याभोवती रोवलेल्या माझ्या काड्यांपैकी बहुतेक वाळून गेल्या होत्या. तीन मात्र रोपाच्या पाण्यावर जगल्या होत्या. कोंब आले होते. मी गुडघे टेकून पानं मोजली. पाच. दुसरीची पाच. तिसरीचीही पाच. कुठली काडी कुठल्या झाडाची, देव जाणे. मी सगळा भारा एकत्र बांधला होता.

तिन्ही काड्या मी घरी न्यायला निघालो. तात्यांनी दोनच दिल्या. "एक ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

"का?"

"असंच."

त्या दोन मी कुंडीत लावल्या, मळी घातली, थोडा युरिया टाकला, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, आणि त्या नवव्या दिवशी मेल्या. तात्यांची तिसरी सावलीत एका फाटक्या डब्यात उभी होती. मी तिच्याकडं वळलो की तात्या मध्ये यायचे. "ह्येला तुमी हात लावायचा न्हाय." मी लावला नाही. सगळ्या वर्षात मी केलेलं शहाणपणाचं काम ते एवढंच.

होळीच्या तोंडावर बायको आली. मी दौंडला स्टेशनवर आणायला गेलो. जाताना वाटभर वाक्यं पाठ केली: 'हे बघ, माझ्याकडून एक चूक झाली.' परत येताना गाडीत तिला हुमणीबद्दल सांगितलं. यंदा हुमणीचा प्रादुर्भाव कसा आहे, तिच्या अळीचा जीवनक्रम कसा असतो. ती खिडकीबाहेर ऊस बघत होती. घरी पोचलो, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि ती थेट आबांच्या गुलाबापाशी गेली. झाड तिच्या डोक्यावर हातभर वर गेलं होतं. एका फांदीला अजून काळा दोरा होता. सोडायचाच राहिला.

"मी ते कापलं," मी म्हणालो. "बुडातून कापलं. आबांचा गुलाब गेला. हा खुंट आहे." पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही.

"माहीत हाय," ती म्हणाली. जिवाला लागलं की ती कळसच्या बोलीवर यायची.

"कधीपासनं?"

"संक्रांतीपासनं. फुलाच्या शेजारीच पान दिसत हुतं. सात. आन् कुंकू एका बाजूनं ओघळलं हुतं." दोरा सोडवून तिनं तो बोटाला गुंडाळला. "फोन ठेवला आन् हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. पोरगी घाबरली, म्हणाली आई, काय झालं? काय सांगू तिला, तुझा बाप झाडाला फूल बांधून बसलाय म्हणून?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कधी सांगताय ते बघत हुते. दीड महिना वाट बघितली. झाड गेलं त्याचं वाईट वाटलंच, पर झाडं जातात. मला येड्यात काढाया बसलात, ते लई लागलं."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी भांडी घासली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी अंगणातले वरंबे मोडून माती सारखी केली. सकाळचा चहा ती आतच प्यायची. ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तात्या तो फाटका डबा घेऊन आले आणि तिच्यापुढं ठेवला. काडी हातभर झाली होती. तिनं पानं मोजली नाहीत. एक पान उलटं केलं आणि मागच्या शिरेवरून अंगठा फिरवला, सावकाश, देठापासून टोकापर्यंत. मग दुसरं पान.

"बाकीच्यांच्या शिरेला बारीक काटा लागतो," ती म्हणाली. "ह्याच्या लागत न्हाय. आबांचाच हाय." आणि डब्याशेजारी खाली बसली.

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मला काय म्हाईत न्हवतं, बाई. नुसतं ठेवलं जगवून."

उठली ती शिवणाच्या डब्याकडं गेली. तळातून फडक्यात बांधलेला एक चाकू काढला. आबांचा. मूठ हाडाची, पातं झिजून निम्मं झालेलं. पस्तीस वर्षं तो डबा माझ्या घरात आहे.

"तुला येतं?" मी विचारलं.

"आबा बोरीला डोळं भराया जायचे तवा काट्याची फांदी कोण धरत हुतं, असं वाटतं तुमाला?"

काडीची मुळं नाजूक, उन्हाळ्यात ती टिकणार नाही, म्हणून तिचे डोळे खुंटावर भरायचं ठरलं. खुंटाचे तीन फुटवे ठेवून बाकीचे तिनं छाटले. कात्री तिला एका मिनिटात सापडली. तात्यांनी केळीचं सोपट आणलं. मला काम दिलं फांदी धरायचं. तिनं सालीला चीर दिली, चाकूच्या टोकानं साल दोन्हीकडं अलगद सोडवली, काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून ओठात धरला आणि चिरेत सरकवला. आबांचा हात थरथरायचा, हिचा थरथरत नव्हता. डोळा तेवढा उघडा ठेवून सोपट गुंडाळलं. दुसऱ्या फुटव्यालाही तसंच. मग चाकू माझ्यापुढं धरला.

"एक तुमी भरा."

"मी? नको."

"भरा. पदवी हाय की."

मी भरला. तिनं केलं त्याच्या तिप्पट वेळ लागला आणि अंगठा कापला. माझा डोळा आठव्या दिवशी काळा पडला. तिचा एक बाराव्या दिवशी वाळला. डोळे काढलेली काडीही डब्यात वाळून गेली. राहिला एक. त्या एका डोळ्यावर आमचं घर चालत होतं म्हटलं तरी चालेल. चैत्राचं ऊन तापलं होतं. जुन्या लुगड्याची सावली तिनं केली, पाणी तिनं घातलं. मला परवानगी होती फक्त बघायची. मी बघायचो. दिवसातून दहा वेळा बघायचो. ती मात्र जवळ येईनाशी झाली, कामाच्या आडून विचारायची, "हिरवा हाय?" मी म्हणायचो, "हिरवा हाय." तिच्याशी बोलताना माझ्या तोंडी 'हाय' कधीपासून यायला लागलं ते कळलं नाही.

महिन्याभरानं डोळा फुगला. तिनं वरची जंगली फांदी कापली. तांबूस कोंब वर आला आणि त्याचं पहिलं पान उलगडलं. मी चष्मा पुसून मोजलं. तीन! तीनचा हिशोब कुणीच सांगितला नव्हता. धावत तात्यांकडं गेलो. तात्या पोट धरून हसले. "सायेब, पयलं पान हाय त्ये. लेकरू एकदम पळतंय व्हय?"

मी घरी काही बोललो नाही. यावेळी लपवायचं म्हणून नव्हे, तिचा जीव वर-खाली होऊ नये म्हणून. आणि हे दोन्ही वेगळं कसं, असं तिनं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून संध्याकाळी सांगून टाकलं. "तीन आलीत. तात्या म्हणतात, पहिलं पान असंच." ती "बरं" म्हणाली. मला तात्यांचं 'बरं' आठवलं.

चार दिवसांनी सकाळी दुसरं पान उघडलेलं होतं. मी वाकलो. बोट लावायची बंदी होती, म्हणून नजरेनंच मोजलं.

"अगं ए!" मी ओरडलो.

ती दारात आली. हात भाकरीच्या पिठात भरलेले. उंबऱ्याच्या आतच थांबली, पाऊल काही बाहेर पडेना.

"किती?"

"पाच."

ती तशीच उभी. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी वळली नाही.

"परत मोजा," ती म्हणाली.

मी गुडघे टेकले आणि परत मोजली.